थापेमागे दबलेला शब्द

आमच्या आखाडा बाळापुरात सप्ताह बसला की साउंडवाल्याचा मुक्काम मंडपातच पडतो. (अकोल्याचं बाळापूर वेगळं. आमचं कळमनुरीहून नांदेडकडे जाताना लागतं.) अशाच एका सप्ताहात मी त्याच्या शेजारी सतरंजीवर बसलो होतो. कीर्तन रंगात आलं होतं, पण एक गोष्ट कानाला सारखी खुपत होती. पखवाजावर जोराची थाप पडली की तिच्या पाठोपाठचा महाराजांचा शब्द दबायचा. थापेआधीचा शब्द खणखणीत, नंतरचा अर्धामुर्धा, मग आवाज हळूहळू पुन्हा वर. लागोपाठ चार-पाच थापा पडल्या तर पाचवी थाप पहिलीइतकी दणकट वाजायची नाही. पखवाजी तर तितक्याच जोराने वाजवत होता.

"मशीन जुनी झाली का रे?" मी विचारलं.

"मशीन चांगली हाय सर. लाइन उतरलीय. त्यात पखवाजाचा माइक लय पुढं. थापच सगळा करंट वढून घेती, मग महाराजाला काय उरनार?"

मी पदार्थविज्ञान शिकवतो. अर्धवाहक प्रकाश-प्रवर्धकातली विकृती, म्हणजे सेमीकंडक्टर ऑप्टिकल अ‍ॅम्प्लिफायरमधून जाताना सिग्नल का बिघडतो, हे फळ्यावर समीकरणं मांडून समजावताना माझा अर्धा तास जातो. त्याने दोन वाक्यांत संपवलं. साउंडच्या मशीनमध्ये कपॅसिटर असतात, त्यांत विजेचा साठा असतो. थाप तो साठा उपसते, वीज तो पुन्हा भरते, पण भरायला वेळ लागतो. त्या वेळात जो बोलेल त्याच्या वाट्याला उणा आवाज. आता माइकच्या जागी लेसर ठेवा, कर्ण्याच्या जागी काचेची तार, आणि सेकंदाच्या जागी सेकंदाचा एक हजार कोटीवा हिस्सा. बाकी गोष्ट तीच आहे.

काचेच्या तारेतून बोलणं महाराष्ट्राला नवीन नाही. देशातली पहिली ऑप्टिकल फायबर जोडणी टेलिफोन एक्स्चेंजमधल्या स्थानिक दुव्यासाठी १९७९ साली पुण्यात सुरू झाली. त्याच्या तेराच वर्षं आधी, १९६६ मध्ये, चार्ल्स काओ यांनी काच पुरेशी शुद्ध केली तर प्रकाश तिच्यातून लांब जाईल असं मांडलं होतं. १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने तशी काच ओढून दाखवली. आज ज्या दर्जाची फायबर आपल्या रस्त्यांच्या कडेला पुरलेली आहे तिच्यात १५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दर किलोमीटरला साधारण ०.२ डेसिबल गमावतो. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण ८० किलोमीटर गेल्यावर १६ डेसिबल गेलेले असतात, म्हणजे निघालेल्या प्रकाशाचा चाळिसावा हिस्सा उरतो. आणखी ८० किलोमीटर, की चाळिसाव्याचा चाळिसावा. मग कुठेतरी आवाज वाढवावाच लागतो.

पूर्वी त्यासाठी प्रकाशाची आधी वीज करत, ती वीज स्वच्छ करत आणि तिच्यापासून नवा प्रकाश तयार करत. दर टप्प्यावर एक खोली, तिच्यात कपाटभर सामान. १९८७ च्या सुमारास इंग्लंडात साउथॅम्प्टनला डेव्हिड पेन यांच्या गटाने आणि अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये एमॅन्युएल देसुर्विर यांनी प्रकाशाला प्रकाशच ठेवून मोठा करायचा रस्ता दाखवला. फायबरच्या काचेत एर्बियम या मूलद्रव्याचे अणू मिसळायचे, दुसऱ्या लेसरने त्यांना ऊर्जा भरवायची, मग थकलेला सिग्नल त्यातून गेला की तो ताजातवाना होऊन बाहेर येतो. समुद्राखालच्या लांब केबल आज या एर्बियमच्या जोरावर चालतात. इतकं नामी साधन हाताशी असताना दुसरं कशाला हवं, हा प्रश्न साहजिक आहे.

दुसरं हवं, कारण एर्बियम हट्टी आहे. त्याचा कस लागतो तो १५३० ते १५६५ नॅनोमीटरच्या आसपास. थोडं पुढे त्याला ओढता येतं. १३१० नॅनोमीटरच्या प्रकाशाला तो ओळखच देत नाही. शिवाय त्याला काही मीटर फायबरची गुंडाळी आणि वेगळा पंप-लेसर लागतो. अर्धवाहकाचं तसं नाही. इंडियम, गॅलियम, आर्सेनिक आणि फॉस्फरस यांचं प्रमाण बदललं की तो १३१० ला चालतो, १४९० ला चालतो, १५५० लाही चालतो. आकार विचाराल तर साधारण एक मिलिमीटर लांबीची चिप, आणि तिच्या पोटात एक-दोन मायक्रॉन रुंदीची वाट. काही शे मिलिअँपिअर करंट सोडला की त्या वाटेने आत गेलेला प्रकाश शंभरपट होऊन बाहेर पडतो.

ही चिप म्हणजे आरसे काढून घेतलेला लेसर. साध्या लेसर डायोडमध्ये चिपची दोन्ही टोकं आरशासारखी वागतात; नुसती कापलेली अर्धवाहकाची कडाही सुमारे ३० टक्के प्रकाश मागे फेकते. प्रकाश आत येरझाऱ्या घालत वाढत जातो आणि स्वतःहून पेटतो. साउंडवाल्याचा माइक कर्ण्यासमोर आला की जी शिट्टी बसते तीच ही. प्रवर्धकाला शिट्टी परवडत नाही. म्हणून टोकांवर परावर्तन मारणारा लेप देतात, आणि वर वाटच कडेशी सुमारे ७ अंश तिरकी आखतात, म्हणजे उरलासुरला परावर्तित प्रकाशही वाटेबाहेर जातो. टोकावरून परतणारा प्रकाश दहा हजारात एक भाग इतका खाली आणावा लागतो. मला या उपकरणाची रचना आवडते ती या तिरकेपणामुळे. एवढ्या बारीक कामात शेवटी उपाय काय, तर दार थोडं वाकडं बसवा.

आता साठ्याकडे येऊ. चिपमध्ये सोडलेला करंट इलेक्ट्रॉनांना वरच्या ऊर्जापातळीवर नेऊन ठेवतो. जाणारा प्रकाश त्यांना खाली पाडतो, आणि प्रत्येक इलेक्ट्रॉन खाली येताना आपल्याजवळची ऊर्जा त्या प्रकाशात घालतो. वर इलेक्ट्रॉन जास्त तर वाढ जास्त, कमी तर कमी. फायबरमधला डिजिटल सिग्नल म्हणजे उजेड आणि अंधार यांची मालिका: उजेड म्हणजे १, अंधार म्हणजे ०. बराच वेळ अंधार गेला की साठा काठोकाठ भरतो. त्यानंतर येणारा पहिला १ भरल्या साठ्यावर हात मारतो आणि ताडमाड होऊन बाहेर पडतो. त्याच्या पाठीवर आलेल्या दुसऱ्या १ ला उपसलेला साठा मिळतो, तिसऱ्याला त्याहून कमी. सगळे निघताना सारख्या उंचीचे होते. पोचताना कुणी दांडगा, कुणी खुजा. आपल्या आधी कोण येऊन गेलं यावर आपली उंची ठरते. शास्त्रज्ञ याला पॅटर्न इफेक्ट म्हणतात. मंडपात ती पाचवी थाप होती.

मग एर्बियमच्या वाट्याला हे दुखणं का येत नाही? त्यालाही साठा आहे, तोही उपसला जातो. पण आमच्या पैनगंगेवरच्या इसापूर धरणातून कुणी घागर भरून नेली तर पाण्याची पातळी हलल्याचं दिसत नाही. घरच्या रांजणातून नेली तर लगेच दिसतं. एर्बियमचे अणू आपली ऊर्जा सुमारे १० मिलिसेकंद धरून ठेवतात. सेकंदाला १० गिगाबिटच्या वेगाने तेवढ्या वेळात १० कोटी बिट निघून जातात. १० कोटींत १ किती आणि ० किती याची सरासरी जवळपास ठरलेली, म्हणून साठा आपल्या जागी स्थिर राहतो. अर्धवाहकातला इलेक्ट्रॉन मात्र वर टिकतो तो काही शे पिकोसेकंद. एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. आणि १० गिगाबिटला एका बिटच्या वाट्याला १०० पिकोसेकंद येतात. तेवढ्यात फायबरमधला प्रकाश जेमतेम २ सेंटिमीटर पुढे सरकतो.

म्हणजे रांजण भरायला लागणारा वेळ आणि घागरी येण्याचा वेग यांची नेमकी गाठ पडते. सगळं दुखणं या गाठीत आहे. बिट फार सावकाश आले असते तर प्रत्येकाच्या वेळी साठा आपापला भरून झाला असता. साठा फार आळशी असता, एर्बियमसारखा, तर त्याने एकेका बिटची दखलच घेतली नसती. अर्धवाहकाला मागच्या दोन-पाच बिटांची आठवण राहते, आणि ती आठवण पुढच्या बिटच्या अंगावर उमटते.

एकाच फायबरमध्ये अनेक रंगांचे, म्हणजे अनेक तरंगलांब्यांचे सिग्नल एकत्र पाठवले तर भांडण घरातून गल्लीत येतं. साठा सामाईक. ज्यांची शेती आहे त्यांना हे सांगायला नको. रात्री थ्री-फेज लाइन आली की एका डीपीवरच्या सगळ्या ऑटो लावलेल्या मोटारी एकदम उचलतात आणि आखाड्यावरचा बल्ब मिणमिणतो. बल्बचा काही गुन्हा नसतो. तसं निळसर बाजूच्या सिग्नलमध्ये १ आला की तांबूस बाजूच्या सिग्नलची वाढ त्या क्षणी घसरते, आणि एकाची बातमी दुसऱ्याच्या अंगावर पुसट छापली जाते.

शिवाय उंचीबरोबर रंगही ढळतो. साठा कमी-जास्त झाला की चिपचा अपवर्तनांक बदलतो, म्हणजे आतल्या प्रकाशाची चाल बदलते. त्यामुळे स्पंदाच्या, म्हणजे उजेडाच्या त्या झटक्याच्या, पुढच्या कडेची वारंवारता किंचित उतरते आणि ती तांबड्या बाजूला सरकते. याचं नेटकं गणित १९८९ मध्ये गोविंद अग्रवाल आणि ओल्सन यांनी मांडलं. अग्रवाल आयआयटी दिल्लीत शिकलेले. त्यांचा तो निबंध आजही या विषयाच्या अभ्यासाची पहिली पायरी आहे. नुसतं डोळ्यांनी पाहायचं तर ऑसिलोस्कोपवर सगळे बिट एकमेकांवर रचून बघतात. चांगल्या सिग्नलमध्ये वरची रेघ आणि खालची रेघ यांच्या मधे मोकळी जागा दिसते, उघड्या डोळ्यासारखी. तिला आय डायग्रामच म्हणतात. पॅटर्न इफेक्ट वाढला की वरची रेघ फुटून तिच्या तीन-चार रेघा होतात आणि डोळा वरून मिटत येतो.

उपायांत पहिला साउंडवाल्याचाच. त्याने त्या रात्री काय केलं? पखवाजाचा माइक हातभर मागे सरकवला. चिपमध्ये जाणारा प्रकाश कमी ठेवला की कुणालाच साठा उपसून नेता येत नाही, सगळ्यांची वाढ सारखी राहते. खर्च शून्य. पण प्रत्येक प्रवर्धक स्वतःची खरखरही घालतो. वर बसलेले इलेक्ट्रॉन कुणी न पाडताही अधूनमधून आपोआप पडतात आणि दिशाहीन प्रकाश सोडतात. अर्धवाहकाची ही खरखर एर्बियमपेक्षा जास्त असते. सिग्नल फार बारीक ठेवला तर तो तिच्यात बुडतो, मोठा केला तर फाटतो. मधली जी पट्टी उरते तिच्यात काम भागवायचं. गेल्या तीस-पस्तीस वर्षांतलं बरंचसं संशोधन ही पट्टी चार बोटं रुंद करण्यासाठी झालं आहे, असं म्हटलं तर कुणाला राग येऊ नये.

पट्टी रुंद करायचा सरळ मार्ग चिपच्या बांधणीतून जातो. प्रकाश एका अरुंद पट्टीत कोंबण्याऐवजी तो आजूबाजूला पसरू द्यायचा, म्हणजे वाढ देणाऱ्या थरावर त्याचा थोडाच भाग पडतो आणि साठा एकदम रिकामा होत नाही. वाढ कमी होते, ती भरून काढायला चिप लांब करावी लागते, करंट वाढतो, उष्णता वाढते. बांधणीतलाच दुसरा मार्ग क्वांटम ठिपक्यांचा. १९८२ मध्ये टोकियोत अराकावा आणि साकाकी यांनी इलेक्ट्रॉनला तिन्ही दिशांनी कोंडणाऱ्या अशा रचनेची कल्पना लेसरसाठी मांडली. या ठिपक्यांच्या आसपास इलेक्ट्रॉनांचा एक सामाईक थर असतो. ठिपका रिकामा झाला की तो थर त्याला काही पिकोसेकंदांत भरून देतो. चुलीजवळ तांब्या आणि पाठीमागे हंडा, तसं. हंडा भरलेला आहे तोवर बिघाड जाणवत नाही.

यापेक्षा मला गमतीचा वाटतो तो राखण-प्रकाशाचा उपाय. सिग्नलबरोबर वेगळ्या तरंगलांबीचा एक जोरदार, न लुकलुकणारा प्रकाश चिपमध्ये कायम सोडून ठेवायचा. वरवर पाहता हा वेडेपणा आहे: आधीच साठा अपुरा, त्यात आणखी एक खाणारा. पण या खाणाऱ्याची एक खोड कामाची आहे. सिग्नलमध्ये १ येऊन साठा उतरला की या कायमच्या प्रकाशालाही वाढ कमी मिळते, म्हणजे तोही त्या क्षणी कमी इलेक्ट्रॉन पाडतो. त्याने न घेतलेले साठ्यात राहतात आणि साठा लवकर सावरतो. डीपीवर असा एक शेतकरी समजा, जो लाइन उतरली की आपली मोटार आपणहून हळू करतो आणि चढली की जोरात चालवतो. असा शेतकरी प्रत्यक्षात भेटला तर मला जरूर कळवा. किंमत अर्थात आहेच: एक जादा लेसर लागतो आणि एकूण वाढ कमी होते.

हाच न्याय चिपच्या आतच बसवला की त्याला वाढ बांधणं म्हणतात. चिपमध्ये जाळीसारख्या सूक्ष्म रेघा कोरून एका ठरावीक, सिग्नलपासून दूरच्या तरंगलांबीवर तिला मुद्दाम लेसर होऊ देतात. पेटलेल्या लेसरचा एक नियम आहे. त्यातली वाढ नुकसानाइतकीच राहते, ना कमी ना जास्त. सिग्नलने इलेक्ट्रॉन ओढले तर आतला लेसर तेवढा मंदावतो, वाढ खिळ्याला बांधल्यासारखी जागच्या जागी. कागदावर हे इतकं सुबक आहे की पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला प्रश्न मिटला असंच वाटलं होतं. मिटला नव्हता. आतला लेसर मंदावतो आणि सावरतो तो झोके घेत, सेकंदाला काही अब्ज वेळा. सिग्नलचा वेग त्या झोक्याच्या आसपास आला की झोका चढत जातो आणि बांधलेली वाढ पुन्हा थरथरू लागते. सावकाश सिग्नलला हा उपाय उत्तम. वेगवान सिग्नलला जपून.

मघाशी रंग ढळतो असं म्हटलं, त्या दोषाचाच वापर करणारा एक उपाय आहे. जो १ सर्वात दांडगा झाला त्यानेच साठा सर्वात जास्त उपसलेला असतो, म्हणून त्याचाच रंग तांबड्याकडे सर्वात जास्त ढळलेला असतो. खुजे १ त्यामानाने जागेवर. मग चिपच्या पुढे एक प्रकाश-गाळणी बसवायची आणि ती मुद्दाम किंचित निळ्या बाजूला सरकवायची. जो जास्त ढळला तो गाळणीत जास्त अडकतो. दांडगा छाटला जातो, खुजा तसाच जातो, दोघांची उंची जुळते. एका रोगाने दुसऱ्या रोगाची खूण दाखवून दिली, आणि वैद्याने तेवढंच पाहिलं.

पण सगळ्या उपायांत माझं मत ज्याला जाईल त्याने चिपला हातही लावला नाही. त्याने बोलण्याची पद्धत बदलली. उजेड म्हणजे १ आणि अंधार म्हणजे ० हा करार कुणी केला? अंधार आला म्हणूनच साठा भरतो आणि पुढचा १ माजतो. मग अंधार नकोच. प्रत्येक बिटच्या वेळी सारखाच उजेड पाठवायचा आणि निरोप त्याच्या कलेत, म्हणजे लाट वर चाललीय की खाली यात, ठेवायचा. मागच्या स्पंदाशी कला जुळली तर ०, उलटली तर १. कीर्तनातले टाळकरी पाहा. टाळ कधी थांबत नाही, जोरही तोच. फरक पडतो तो ठेक्यात. टाळांनी महाराजांचा शब्द कधी दबलेला मी ऐकला नाही, कारण त्यांचा भार सतत सारखा असतो आणि मशीनला त्याची सवय होऊन जाते. विभेदक कला-कूटन, तंत्रज्ञांच्या तोंडी डीपीएसके, हे नेमकं असं आहे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत प्रयोगशाळांतून ते अर्धवाहक प्रवर्धकांवर चालवून पाहिलं गेलं आणि मिटत आलेले डोळे उघडले.

सुख फार टिकलं नाही. अधिक माहिती कोंबायची म्हणून पुढे कलेबरोबर उंचीतही निरोप ठेवायची पद्धत आली, म्हणजे पुन्हा कुणी दांडगा, कुणी खुजा. आता उपाय पलीकडच्या टोकाला, गणिताच्या चिपवर गेला आहे. साठा कसा उतरतो आणि चढतो याचं समीकरण माहीत असल्याने, आलेल्या सिग्नलवरून संगणक उलटा हिशेब करतो: असा बिघडून आला, तर निघताना कसा असेल? आणि या सगळ्याला बाजूला ठेवून फ्रान्समधल्या नोकिया बेल लॅब्जच्या संशोधकांनी २०१७ मध्ये अर्धवाहक प्रवर्धकाची खरी ताकद दाखवली. १०० नॅनोमीटर रुंदीचा सलग पट्टा, १०० किलोमीटर फायबर आणि सेकंदाला ११५ टेराबिट. इतका रुंद पट्टा एकट्या एर्बियमच्या आवाक्यातला नाही.

जाता जाता आमच्याच जिल्ह्यातलं एक. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्या २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. ४ किलोमीटर लांबीच्या दोन बाहूंमधून लेसर धावणार आणि गुरुत्वीय लहरींची चाहूल घेणार. अमेरिकेतल्या अशा वेधशाळांत १०६४ नॅनोमीटरचा साधारण २ वॅटचा बीज-लेसर घेऊन त्याचा प्रकाश टप्प्याटप्प्याने मोठा करतात. तिथल्या प्रवर्धकांना पॅटर्न इफेक्टची भीती नाही. त्यांच्याकडे येणारा प्रकाश अखंड, एका सुरात, त्यात १ नाही आणि ० नाही. त्यांची डोकेदुखी वेगळी, ती म्हणजे खरखर. कुजबुज ऐकायला बसलेल्या माणसाला श्वासाचा आवाजही मोठा वाटतो.

बाळापूरसारख्या गावाच्या जवळची गोष्ट मात्र लुकलुकणाऱ्या प्रकाशाची आहे. २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट हे नाव मिळालेल्या योजनेत तालुक्याच्या ठिकाणी एक यंत्र, ज्याला ओएलटी म्हणतात, आणि ग्रामपंचायतींमध्ये ओएनटी नावाच्या पेट्या, अशी जोडणी पहिल्या टप्प्यात झाली. तंत्र जीपॉनचं. एक फायबर निघते, वाटेत काचेच्या फाट्याने तिच्या अनेक शाखा होतात, मधे कुठेही वीज लागत नाही. जाणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा, येणारा १३१० चा. या दोन्हींत एर्बियमचा उपयोग शून्य. अंतराची मर्यादा साधारण २० किलोमीटर. गावं लांब असतील तर मधे आवाज वाढवणारा ठेवायचा, आणि त्या जागी अर्धवाहक प्रवर्धक चपखल बसतो. २००८ मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय मानकाने त्याच्यासारख्या साधनांच्या मदतीने ही मर्यादा ६० किलोमीटरपर्यंत नेण्याची वाट मोकळी केली.

उतरत्या वाटेचा फारसा त्रास नाही. तिथे बोलणारा एकच. चढत्या वाटेवर मात्र सगळ्या गावांच्या पेट्या पाळीपाळीने बोलतात, प्रत्येकाला काही मायक्रोसेकंदांची पाळी. फाट्याजवळच्या गावाचा प्रकाश ठणठणीत येतो, वीस किलोमीटरवरच्या वाडीचा हडकुळा. ठणठणीत गावाची पाळी संपते, साठा उपसलेला राहतो आणि नेमकी त्याच क्षणी वाडीची पाळी सुरू होते. पखवाजाची थाप आणि पाठोपाठ महाराजांचा शब्द. राखण-प्रकाश, बांधलेली वाढ, पसरट वाट हे वर सांगितलेले उपाय इथे एकेक करून कामाला येतात, कारण खेड्यातल्या पेटीला महागडं गणित करायला लावून भागत नाही.

आणखी एक सोय जीपॉनच्या मानकातच आहे. ओएलटी पेट्यांचा आवाज मोजत असते. एखादी पेटी फार मोठ्याने बोलतेय असं दिसलं तर ती तिला हुकूम पाठवते आणि पेटी आपला प्रकाश ३ डेसिबलने, म्हणजे निम्म्यावर, किंवा ६ डेसिबलने, म्हणजे पावपट, खाली आणते. त्या पेटीवरचा हिरवा दिवा तसाच लागलेला असतो, गावात कुणाला काही कळत नाही. सप्ताहाच्या मंडपात हे काम अजून हातानेच होतं: साउंडवाला उठला, पखवाजाच्या माइकचा स्टँड उचलला आणि हातभर मागे ठेवून पुन्हा सतरंजीवर येऊन बसला.